जागेवर अडचण आढळली नाही

परशरामआप्पांनी उभ्या जन्मात कुणाची तक्रार केली नव्हती, आणि त्यांचा लेक नागेंद्र गेला महिनाभर तक्रारीशिवाय दुसरं काही करत नव्हता. बाप ओट्यावर बसून हरिपाठ म्हणायचा आणि लेक शेजारी बसून मोबाईलवर बोट आपटायचा. नागेंद्रची आई मनुबाई आतून म्हणायची, एकाचं नाम संपंना आणि एकाचं काम हुईना.

गाव बेळगाव-निपाणी हमरस्ता सोडून आत वळलं की लागतं. पूर्वी ग्रामपंचायत होती तेव्हा गटार तुंबलं की मेंबरच्या दारात जाऊन बोंब मारता येत होती. आता नगरपालिका झाली, नगरपालिकेची वेबसाइट झाली, आणि बोंब मारायलासुद्धा ओटीपी लागायला लागला.

भैरोबा गल्लीला तोंड एकच. दुसऱ्या टोकाला तंबाखूच्या जुन्या वखारीची भिंत, तिथून वाट नाही. समोरचा रस्ता काँक्रीटचा झाला आणि रस्ता वर, गल्ली खाली अशी गत होऊन बसली. गल्लीतून रस्त्यावर चढायला गटारावर उताराचा स्लॅब घातलेला होता, तो कचऱ्याच्या गाडीखाली खचला. मधे भगदाड पडलं, गंजक्या सळ्या वर आल्या. चालत्या माणसाला त्याचं काही वाटत नव्हतं. एक पाय अलीकडं, एक पलीकडं, की झालं. बायका डोईवर हंडा घेऊन ओलांडायच्या. पण आप्पांचे पाय दोन वर्षांपूर्वीच्या झटक्यात गेले होते. त्यांना चाकाची खुर्ची होती, आणि खुर्चीला उडी मारता येत नाही.

बरं, गल्लीनं मिळून चार पाट्या सिमेंट ओतलं असतं म्हणावं, तर स्लॅबच्या खालून नळाची लाइन गेलेली. हात लावाल तर केस करू, असं नगरपालिकेचा माणूस मागंच सांगून गेला होता.

आणि वेळ जवळ येत चालली होती. रस्त्याच्या पलीकडं विठ्ठल मंदिर. तिथं सप्ताह बसायचा होता, आणि काल्याच्या आदल्या संध्याकाळचं कीर्तन भावकू बुवांचं. बुवा आता फार थकलेले. यंदा येतो, पुढं माझ्यानं व्हायचं नाही, असा त्यांनी खानापूरकडून निरोप धाडला होता. आप्पांचं आणि बुवांचं नातं काय, ते ज्यानं कीर्तन उभं राहून ऐकलंय त्यालाच कळावं. कीर्तनकार अभंगाचा चरण म्हणतो, आणि मागं उभे असलेले टाळकरी ध्रुपद उचलून धरतात. त्यांनी ते नीट धरलं तर पुढच्याला दम खायला उसंत मिळते, आणि सैल सोडलं तर भला भला कीर्तनकार उघडा पडतो. आप्पांनी तरणेपणापासून बुवांच्या पाठीशी उभं राहून ध्रुपद धरलं होतं. बुवांचा श्वास कुठं तुटणार हे बुवांच्या आधी आप्पांना कळायचं. शेवटच्या कीर्तनाला आपण मागं नसणार, हा विचारच आप्पांना सोसत नव्हता. बोलत नव्हते, पण हरिपाठ म्हणता म्हणता नजर गल्लीच्या तोंडाकडं जायची.

नागेंद्रनं साधा उपाय काढला होता. आम्ही चौघंजण खुर्ची उचलतो आणि पलीकडं नेऊन ठेवतो.

"उचलून?" आप्पा म्हणाले. "मी काय पालखीतला देव हाय, का मढं हाय? दोन्ही न्हवं. चाकावर जाईन, न्हायतर घरात बसंन."

आप्पांचं न्हाय म्हणजे न्हाय. म्हणून मग नागेंद्र वेबसाइटकडं वळला.

नागेंद्र बेळगावच्या उद्यमबागला एका मशीन शॉपमध्ये सुपरवायझर. मशीनवर त्याचा विश्वास माणसापेक्षा जास्त. मशीनला बटण दाबलं की ती फिरते, नाही फिरली तर कुठंतरी बिघाड असतो आणि बिघाड शोधला की सापडतो, हे त्याचं तत्त्वज्ञान. त्याच श्रद्धेनं त्यानं जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून नगरपालिकेची वेबसाइट उघडली.

उघडली म्हणजे अर्धी उघडली. वर मोठ्या साहेबांचे फोटो आले, खाली गोल गोल फिरणारं चाक आलं. चाक थांबलं तेव्हा कन्नड आलं. नागेंद्रला कन्नड येत नव्हतं असं नाही. बाजारात, बसमध्ये, कारखान्यात तो दिवसभर कन्नड बोलायचा. पण बाजारातलं कन्नड वेगळं आणि सरकारी कन्नड वेगळं. एक शब्द कळायचा, पुढचे तीन डोक्यावरून जायचे. इंग्रजीचं बटण दाबलं तर पान इंग्रजीत झालं आणि भरलेलं सगळं पुसलं गेलं. पुन्हा नाव, पुन्हा नंबर, पुन्हा वाकड्यातिकड्या अक्षरांचं ते कोडं, की तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा. ओटीपी आला तेव्हा पान म्हणालं, तुमची वेळ संपली.

मग तक्रारीचा प्रकार. गटार, रस्ता, फूटपाथ, पूल. गटारावरचा खचलेला उताराचा स्लॅब हा या चौघांपैकी कोण, हे सांगणारा कुणी नव्हता. नागेंद्रनं गटार निवडलं. पुढं नकाशा आला, तक्रारीच्या जागेवर बोट ठेवा म्हणाला. बोट ठेवण्याआधीच मोबाईलनं स्वतःच्या मनानं जागा धरली आणि उत्तर आलं, ही जागा आमच्या हद्दीत येत नाही. नीट बघितलं तर टाचणी हद्दीपलीकडं, कागलच्या बाजूला कुणाच्या तरी उसात उभी.

ही हकीकत नागेंद्रनं संध्याकाळी चिडून सांगितली, तर गल्लीला हसू आवरेना. शेजारची शालूबाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "एवढी वर्सं कोर्टात अडकलंय, मोर्चे काढून माणसं थकली, आणि तुझ्या मोबाईलनं एका बोटात गाव महाराष्ट्रात घातलं की रं." दोन दिवस गल्लीत हाच विषय. भगदाडाचं कुणी नावही काढलं नाही.

शेवटी एका रविवारी तक्रार गेली. नंबर आला, भला मोठा. नागेंद्रनं तो घरातल्या सगळ्यांना दाखवला. आप्पांनी लांबूनच बघितला आणि विचारलं की यात माझं नाव तर घातलं नाहीस ना. नागेंद्रनं घातलं होतं. घातलं नाही म्हणाला.

आठवडाभरानं तो उद्यमबागेत लेथपाशी उभा असताना मेसेज आला. तक्रार निकाली. त्याला इतका आनंद झाला की त्यानं शेजारच्या ऑपरेटरला चहा पाजला आणि बसमधून उतरून गल्लीकडं जवळजवळ पळतच आला. बघतो तर भगदाडावर आंब्याच्या पेटीची फळी, फळीवर धुतलेलं पोतं, पोत्याच्या कडेनं ठिपक्यांची रांगोळी. आजूबाजूला सडा. गटारातला गाळ काढून, राख टाकून, वर दोन झेंडूची फुलं.

गल्लीतल्या बायका कौतुकाची वाट बघत बसलेल्या. सकाळीच निरोप आलता म्हणे, तपासायला साहेब येणार. मग काय, साहेब दारात येणार आणि आपण घाण दाखवायची? मनुबाईनं आणि शालूबाईनं कंबर कसली. साहेब आले, लई खूष झाले, च्या घेतला, फोटो काढला, अशी गल्ली सगळ्या गावात न्हाय म्हणाले आणि गेले.

नागेंद्रनं मोबाईलवर तक्रार उघडली. खाली साहेबांचा शेरा होता: जागेवर अडचण आढळली नाही. सोबत फोटो. फोटोत रांगोळी फार सुंदर आली होती.

तो पायरीवर बसला.  आईला एवढंच म्हणाला की त्या फळीवर आप्पांची खुर्ची घालून दाखवा. मनुबाई म्हणाली, असं कसं, खुर्ची घातली तर फळी मोडंल की.

बंद झालेली तक्रार पुन्हा उघडायची सोय वेबसाइटवर होती, पण ते बटण दाबलं की पान पहिल्या पानावर जायचं. नागेंद्रनं मदत केंद्राला फोन लावला. गाणं वाजलं, मग बंद पडलं. नगरपालिकेच्या कार्यालयात स्वतः गेला, तर खिडकीतल्या माणसानं सौम्यपणे सांगितलं की आता सगळं ऑनलाइन आहे, इथं येऊन काही होत नाही. मग तुम्ही इथं कशाला बसलाय, हे नागेंद्रच्या ओठावर आलं होतं, ते त्यानं गिळलं. आप्पांचाच लेक तो.

दुसरी तक्रार त्यानं रस्ता या प्रकारात घातली. आणि मग घरोघरी जाऊन बजावलं. साहेब आला तर झाडायचं नाही, सडा नाही, रांगोळी नाही, फळी नाही. भगदाड जसं आहे तसं राहू दे. बायकांनी मान डोलावली, पण त्यांच्या तोंडावर अशी कळा आली की जणू कुणी लग्नाच्या मांडवात केर पसरायला सांगितलाय. शालूबाईनं विचारलं, निदान कडा तरी लोटून घेऊ का. नागेंद्र म्हणाला, कडासुद्धा न्हाय.

त्यांनी शब्द पाळला. साहेब आले तेव्हा भगदाड उघडं होतं. पण साहेबांनी माणुसकीनं चौकशी केली की काय त्रास आहे का इथल्या लोकांना. आणि गल्ली एका सुरात म्हणाली, न्हाय बा, देवाच्या दयेनं चाललंय. कुणी आलेल्या पाहुण्यापुढं आपलं रडगाणं गावं, अशी रीत या गल्लीत नव्हतीच. शालूबाईनं तर साहेबांच्या आईची तब्येत विचारली. शेरा पडला: प्रत्यक्ष चौकशी केली, रहिवाशांची तक्रार नाही.

त्या संध्याकाळी नागेंद्र जेवला नाही. मंदिरासमोर मांडवाचे बांबू येऊन पडले होते, पोरं दोऱ्या सोडवत होती, आणि वेबसाइट म्हणत होती की सगळं आबादीआबाद आहे. बायको नीलमनं ताट झाकून ठेवलं आणि म्हणाली, तुम्ही नगरपालिकेवर कशाला चिडताय, आधी आपली माणसं बघा. तेच तर त्याला खात होतं. मशीन असती तर उघडून बघितली असती. इथं बिघाड कुणात काढायचा? आईत? शालूबाईच्या चांगुलपणात?

तिसऱ्यांदा तक्रार घातली तेव्हा त्यानं रजा काढली. या खेपेला तपासायला जुने साहेब नव्हते, नवीन ज्युनियर इंजिनियर होत्या, निपाणीच्या समता कांबळे. त्यांचाच फोन आला, की नकाशावर तुमची गल्ली सापडत नाही, मी पेट्रोल पंपापाशी थांबले आहे, घ्यायला या. नागेंद्रनं गल्लीकडं एकदा बघितलं. भगदाड उघडं, सळ्या वर, कडेला गाळ. मनुबाई भाकरी करत होती, शालूबाई दळणाला गेली होती. सगळं जसं हवं तसं. मोटरसायकल काढून तो पंपावर गेला आणि मॅडमच्या स्कूटीच्या पुढं पुढं होत त्यांना घेऊन आला.

आला आणि बघतो तर फळी. फळीवर पोतं. ओलं अंगण. शालूबाई ओंजळीतल्या रांगोळीचा शेवटचा ठिपका देत वाकलेली, आणि ओट्यावर खुर्चीत बसून परशरामआप्पा तिला हातानं खुणावत होते की डावीकडं जरा कमी पडलंय.

नागेंद्रच्या हातातून मोटरसायकल पडता पडता राहिली.

"आप्पा," तो म्हणाला, "हे तुम्ही करायला लावलं?"

आप्पांनी त्याच्याकडं बघितलंच नाही. मॅडमना हात जोडले, या म्हणाले, खुर्ची घ्या म्हणाले. पोरगं उगीच तुम्हाला ताप देतंय, एवढ्या उन्हाचं यायला लावलं, आमची काही अडचण न्हाय, असं सगळं बोलले. मनुबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली.

आणि मग नागेंद्रचा बांध फुटला. रस्त्यानं जाणारी दोघंतिघं थांबली, पण त्याला भान राहिलं नाही. कुणासाठी चाललंय हे, असं तो विचारत होता. माझ्यासाठी? मी तर उडी मारून जातो. जेवणाची सुट्टी घालवली, रजा घालवली, तीन वेळा तक्रार लिहिली आणि तिन्ही वेळा माझ्याच घरच्यांनी ती पुसून टाकली. बुवा येतील, कीर्तन करतील आणि जातील, आणि तुम्ही इथं ओट्यावर बसून लाउडस्पीकरमधून ऐकाल. तेव्हा तरी अडचण न्हाय म्हणणार का?

 आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग बोलले, ते मॅडमकडं बघून, लेकाकडं नव्हे.

"बाई, गाऱ्हाणं देवापुढं घालायचं असतंय. माणसापुढं घातलं तर माणूस उघडा पडतोय. एवढंच शिकलोय मी."

समता मॅडम तांब्यातलं पाणी प्यायल्या. भगदाडापाशी जाऊन त्यांनी पोतं उचललं, खाली वाकून बघितलं, पुन्हा नीट ठेवलं. मग परत येऊन ओट्याच्या खालच्या पायरीवर बसल्या. त्यांची नजर गल्लीच्या शेवटच्या त्या वखारीच्या भिंतीवर गेली होती.

"आप्पा, माझी आज्जी असल्याच वखारीत तंबाखू झाडायला हुती," त्या म्हणाल्या. "सुलाबाई तिचं नाव. छातीत धूळ भरून खोकायची, पर मालकानं विचारलं की म्हणायची, बरं हाय मालक. ती तशीच गेली. आई माझी गप्प बसली न्हाय. आधी पाणी मागितलं, मग मजुरी, मग माझी शाळा. ती उघडी पडली म्हणून मी शिकले."

 शालूबाई हातातली रांगोळी पदराला पुसत होती.

मॅडमनी मग कामाची गोष्ट सांगितली, आणि ती सांगताना त्या पुन्हा ऑफिसच्या झाल्या. जुने फोटो चालत नाहीत, ॲपमधून जागेवरच फोटो काढावा लागतो. या जागेचे दोन फोटो आधीच वर गेलेत, एकाखाली अडचण नाही, दुसऱ्याखाली तक्रार नाही असा शेरा आहे. आता मी नुसत्या भगदाडाचा फोटो पाठवला तर वरचे म्हणणार, दोनदा बंद केलेलं पुन्हा काय उघडता. इथं माणूस अडतो, हे दिसलं पाहिजे. आप्पांची खुर्ची त्या कडेला, पुढचं चाक खाली गेलेलं, असा फोटो मिळाला तर मी तो फेटाळू देणार नाही. स्लॅब कधी पडेल हे मात्र मी सांगू शकत नाही. खोटं बोलणार नाही.

नागेंद्रला वाटलं, संपलं. जो माणूस चौघांनी उचलू नये म्हणून घरात बसून राहिला, तो भर रस्त्यात अडकलेल्या खुर्चीत बसून फोटो काढून घेणार? तोही वेबसाइटवर जाणारा, कुणीही बघावा असा? त्यानं मॅडमना सांगायला तोंड उघडलं की राहू द्या.

"मनू," आप्पा म्हणाले, "धुतलेली टोपी आण."

टोपी आली. आप्पांनी ती नीट घातली, बुक्का लावला, आणि खुर्ची ढकला म्हणाले. शालूबाईनं आपल्या हातानं फळी काढली आणि पोतं घडी करून काखेत धरलं. रांगोळी मात्र तिच्यानं पुसवेना, ती मनुबाईनं पायानं फिसकटली, तोंड दुसरीकडं करून. नागेंद्रनं खुर्ची कडेला नेली. पुढचं चाक हळूच खाली सोडलं तसे आप्पा पुढं झुकले आणि त्यांनी दोन्ही हातांनी दांडे गच्च धरले. समोरच्या किराणा दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर येऊन उभी राहिली. वरच्या गॅलरीत कुणीतरी कुणाला तरी हाक मारून बोलावलं.

मॅडम रस्त्यावर उभ्या राहून मोबाईल धरत होत्या. पहिला फोटो काढला, बघितला, आणि मान हलवली.

"आप्पा, हसू नका," त्या म्हणाल्या. "तुम्ही लई हसताय."

फोटो म्हणलं की हसायचं, ही आप्पांची जन्माची सवय. दुसऱ्या फोटोतही ते थोडे हसलेच. तिसऱ्याला त्यांनी खाली भगदाडात बघितलं, गंजक्या सळ्यांकडं आणि त्याखालच्या काळ्या पाण्याकडं, आणि मग हसू आपोआप गेलं. तो फोटो ॲपवर चढायला इतका वेळ लागला की आप्पांना तसंच अडकून बसावं लागलं, कारण चढला नाही तर पुन्हा काढायला हवा होता. उन्हात, सगळ्या गल्लीसमोर, एका बाजूला कललेली खुर्ची. मनुबाईनं डोक्यावर छत्री धरली. मॅडम म्हणाल्या, रेंज नाही. कुणीतरी म्हणालं, गच्चीवर येते. मॅडम मोबाईल घेऊन गच्चीवर गेल्या आणि फोटो तिथून वर गेला.

त्यानंतर नागेंद्र रोज वेबसाइट बघायचा. तक्रार स्वीकारली. मग, अंदाजपत्रक तयार. मग, मंजुरीसाठी वर पाठवले. आणि मग ते तसंच थांबलं, वर पाठवले, वर पाठवले. सप्ताह बसला. पहाटेचा काकडा, दुपारची गाथा, रात्रीची कीर्तनं सगळं लाउडस्पीकरवरून गल्लीत उतरायचं आणि आप्पा ओट्यावर बसून मांडीवर ठेका धरायचे. मॅडमना फोन केला तर त्या खरं तेच सांगायच्या, फाइल बेळगावला आहे, मी रोज विचारते.

भावकू बुवांच्या कीर्तनाची संध्याकाळ आली. भगदाड होतं तिथंच होतं. नागेंद्र कारखान्यातून लवकर सुटून आला होता आणि ओट्याच्या खांबाला टेकून शेवटचं म्हणून पुन्हा वेबसाइट उघडत होता. चाक फिरत होतं. त्याला आता राग येण्याचीही ताकद उरली नव्हती. आत नीलमनं देवापुढं दिवा लावला. मंदिरात मृदंगाला कणीक लावून थाप मारून बघत होते, तो आवाज येत होता.

"बंद कर ते," आप्पा म्हणाले. ते धोतर नेसून, टोपी घालून, टाळ गळ्यात अडकवून बसले होते. कधी तयार झाले ते कुणाला कळलं नव्हतं. "आता काय झाकून ठेवायचंय? सगळ्या गावानं बघितलं, नगरपालिकेनं बघितलं, बेळगावच्या हापिसात साहेबांच्या टेबलावर जाऊन बसलोय मी तोंड वासून. बोलव तुझ्या तिघांना. उचला."

 नागेंद्र पळाला. किराणा दुकानातला स्वरूप आला, शालूबाईचा लेक आला, मांडवाचा एक गडी आला. चौघांनी चार बाजूंनी खुर्ची धरली. आप्पा हलके नव्हते. भगदाडाच्या कडेला आल्यावर स्वरूपचा पाय घसरला, खुर्ची कलली, मनुबाईच्या तोंडून विठ्ठला निघालं. पण तोल सावरला. भगदाडाच्या बरोबर वर असताना आप्पा म्हणाले, थांबा जरा.

चौघं थांबले. दम धरून.

आप्पा वाकून खाली बघत होते.

"लई खोल हाय की रं," ते म्हणाले. "शालूची नात शाळेला ह्याच्यावरनंच जाती न्हवं? उद्या परत लिही. वर पाठवले म्हणजे कुठवर वर, ते इचार त्यास्नी. माझं नाव घाल." मग लेकाकडं बघितलं. "आधीबी घातलंच हुतंस. मला ठावं हाय."

नागेंद्र म्हणाला की आप्पा, आधी पलीकडं तर जाऊ द्या, हात तुटायला लागलेत.

पलीकडं खुर्ची चाकांवर टेकली आणि काँक्रीटवर गुळगुळीत चालायला लागली. मांडवात माणूस माणसाला लागून बसलेलं. टाळकऱ्यांनी मागं वळून बघितलं आणि बोलता बोलता वाट झाली. भावकू बुवा उभे होते, वाळून काठीसारखे झालेले, आणि त्यांचा सुरुवातीचा अभंग चालू झाला होता. त्यांनी कीर्तन थांबवलं नाही. मागं वळून बघितलं, आणि नुसते एक पाऊल डावीकडं सरकले. आप्पांची जागा नेहमी उजव्या हाताला.

खुर्ची तिथं लागली. उभ्या टाळकऱ्यांच्या ओळीत एकटे बसलेले आप्पा, त्यांचं डोकं इतरांच्या कमरेशी. बुवांनी चरण म्हटला आणि थांबले. ध्रुपद धरायला आप्पांचा आवाज निघेना. धाप लागलेली, टाळ हातात नुसता धरलेला. बाकीच्यांनी कसंबसं उचललं, पण ते पोरकं वाटलं.

बुवांनी तोच चरण पुन्हा म्हटला, आप्पांना दम खायला उसंत देत.